पोतं उतरल्यानंतरची शंभर पावलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मणिपूरमधल्या विस्थापित कुटुंबांसाठी आमच्या मंडळाने कपडे, चादरी आणि नऊ पोती तांदूळ जमवलाय. कुठे आणि कसा पाठवायचा? सगळ्या संस्था पैसेच मागतात. त्यापेक्षा वस्तू दिलेली बरी नाही का? निदान मधल्यामधे कोणी खाणार तरी नाही."

शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, कारण २०१७ पर्यंत माझंही अगदी हेच मत होतं.

मी पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. पहिली आठ वर्षं आपल्याकडच्या गावांच्या नळयोजनांवर गेली, नंतर मदतकार्यात शिरले. २०१७ च्या ऑक्टोबरात बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुस्लिमांच्या छावणीत, सहा आठवड्यांसाठी म्हणून गेले आणि ये-जा करत तीन वर्षं तिथेच अडकले. मणिपूरमध्ये मी काम केलेलं नाही. म्हणून आधी स्वतः पाहिलेलं सांगते, मणिपूरकडे नंतर वळते.

कपड्यांचं आधी. २५ ऑगस्ट २०१७ ला म्यानमारच्या राखाइन प्रांतात एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्कराने जी कारवाई केली तिच्यात गावंच्या गावं जळाली, आणि काही महिन्यांत सात लाखांवर माणसं बांगलादेशात आली, बरीचशी नाफ नदी ओलांडून. त्या भागात उखियाहून टेकनाफला जाणारा मुख्य रस्ता एकच. सुरुवातीच्या आठवड्यांत भली माणसं ट्रक भरभरून यायची आणि वरूनच कपड्यांची गाठोडी नि बिस्किटांचे पुडे खाली फेकायची. त्या झोंबाझोंबीत सप्टेंबरात एक बाई आणि दोन मुलं चेंगरून मेली. मी पोचले तोवर वाटप बांगलादेशी लष्कराच्या देखरेखीखाली आलं होतं, फेकाफेकी थांबली होती, पण रस्त्याच्या कडेला चिखलात तुडवलेल्या कपड्यांचा थर तसाच होता. जीन्स, स्वेटर, झगमगीत फ्रॉक, एक लग्नातला कोट. तिथले पुरुष लुंगी नेसतात. बायका थामी नेसतात, तीही लुंगीसारखीच, आणि घराबाहेर पडताना वर बुरखा. त्या कपड्यांचा एकच उपयोग झालेला मी पाहिला: टेकडीच्या निसरड्या वाटेवर पाय सटकू नये म्हणून लोकांनी ते पायाखाली अंथरले होते.

सांगली-कोल्हापूरच्या वाचकांना हे नवीन नाही. २०१९ च्या महापुरानंतर माझ्या मामाच्या गावी शाळेचा एक अख्खा वर्ग जुन्या कपड्यांनी भरला होता. शाळा सुरू करायची तर आधी तो वर्ग रिकामा करायला माणसं लावावी लागली.

पण पुराची मदत आणि युद्धाची मदत यांत एक मोठा फरक आहे, आणि तो लक्षात आला नाही तर पुढचं सगळं चुकतं. पूर ओसरतो. घर पडलं तरी जागा तुमचीच असते, सातबारा तुमच्या नावावर असतो, शेजारी तोच असतो. हल्ल्यातून पळालेल्या माणसाला परत कधी जायचं ते माहीत नसतं, आणि बऱ्याचदा हल्ला करणाऱ्यांत शेजारीही असतो. २०१७ मध्ये आलेले लोक मला सांगायचे, पुढच्या ईदला घरी. त्याच टेकड्यांच्या पलीकडे, कुतुपालाँगच्या जुन्या छावणीत, १९९१-९२ च्या लोंढ्यात आलेली कुटुंबं होती. त्यांची नातवंडं तिथेच जन्मली होती. आता त्या जिल्ह्यात अकरा लाखांहून जास्त रोहिंग्या आहेत, आणि २०२४ पासून राखाइनमधली बंडखोर अराकान आर्मी नि म्यानमारचं लष्कर यांच्या लढाईमुळे आणखी दीड लाखाच्या आसपास माणसं येऊन मिळाली.

म्हणजे मदत पंधरा दिवसांची नसते. आता तुमच्या नऊ पोत्यांचा हिशेब करा. पोतं पन्नास किलोचं धरलं तर साडेचारशे किलो. भात हेच मुख्य अन्न असलेल्या माणसाला दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ लागतोच. म्हणजे अकराशे माणसांचं एका दिवसाचं जेवण झालं. वाईट नाही. पण तो नेणार तीन हजार किलोमीटर, मधे दोनदा गाडी बदलणार, आणि नेणार कुठे, तर जिथे भातशेतीच मुख्य आहे अशा राज्यात. हे कोकणात नारळ घेऊन जाण्यासारखं आहे.

खरी गोष्ट यापुढे सुरू होते. तांदूळ तिथे पोचला असं समजू.

२०१७ च्या डिसेंबरातली एक सकाळ. वाटप केंद्र टेकडीच्या पायथ्याशी. मी तिथे फक्त हात धुण्याच्या टाक्या बघायला गेले होते. पहाटेपासून रांग लागलेली. पस्तिशीतली एक बाई पुढे आली, अंगठा दिला, तीस किलो तांदळाचं पोतं, डाळ आणि तेलाची बाटली घेतली. पोतं ओढत ओढत रांगेच्या बाहेर आणलं आणि त्याच्यावर बसून राहिली. तिची झोपडी वर, मातीच्या दोन-अडीचशे पायऱ्या चढून. नवरा वाटेत गेलेला, मोठा मुलगा सात वर्षांचा. थोड्या वेळाने पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा आला. बोलणं झालं नाही, नुसती बोटं झाली. तिने चार दाखवली, त्याने सहा. शेवटी पाचवर तुटलं. पाच म्हणजे पाच डबे तांदूळ, आणि डबा म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा टिन, आपल्याकडच्या मापट्यासारखा. वर गेल्यावर तो हमाली मोजून घेणार होता. दर वाटपाला. जिच्या घरात धडधाकट पुरुष नाही तिला रेशन कमी, असा नियम कुठल्याच कागदावर नव्हता, पण टेकडीचा चढ तोच नियम लावत होता.

पुढे अशा कुटुंबांसाठी, म्हणजे एकट्या बायका, म्हातारे, गरोदर, अपंग यांच्यासाठी, छावणीतल्याच तरुणांना मजुरी देऊन हमाल नेमले गेले. ती मजुरी हिशेबात कुठे दिसते माहीत आहे? "इतर कार्यक्रम खर्च". देणगीदाराला वाटतं, शंभरातले इतके तांदळावर आणि इतके भलतीकडेच गेले. ते भलतीकडे गेलेले पैसे त्या बाईचे पाच डबे वाचवत होते.

आणि "मधल्यामधे खाण्या"बद्दल. रेशन घेतल्यानंतर तासाभरात तीच डाळ, तेच तेल रस्त्याकडेच्या बाजारात विकायला आलेलं दिसायचं. नवखा माणूस बघून चिडतो. मीही चिडले होते. पण विकणारी माणसं तीच, ज्यांना ते मिळालं होतं. सगळ्यांना एकच डाळ मिळाली होती, म्हणून ती मातीमोल भावात जायची, आणि त्या पैशांतून यायचं काय? सुकी मासळी, मिरच्या, मीठ, आजारी मुलाचं औषध, पान-सुपारी. हो, पान-सुपारी. आमच्या एका तरुण सहकाऱ्याला ती चैन वाटली. त्याला म्हटलं, घर जळून आलेली तुझी आजी महिनाभर तंबाखूची मिसरी न लावता राहील का?

मग हळूहळू पोत्यांऐवजी व्हाउचर आलं. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या दुकानात कार्ड दाखवायचं आणि माणशी ठरलेल्या रकमेत हवं ते घ्यायचं: तांदूळ, अंडी, कांदे, भाजी, मासळी. तीच रक्कम, पण निवड बाईची. डाळ तोट्यात विकायची गरज उरली नाही. पैशाच्या बाजूने बोलणारे लोक उगाच बोलत नाहीत ते यासाठी. मात्र ही व्यवस्था किती नाजूक आहे तेही सांगते. माणशी महिना १२ डॉलर मिळायचे. देणग्या आटल्या आणि २०२३ च्या मार्चपासून १० झाले, जूनपासून ८. तेव्हाचे साधारण साडेसहाशे रुपये, म्हणजे दिवसाला बावीस रुपये, आणि बांगलादेशात या लोकांना रीतसर नोकरी-धंदा करायची परवानगी नाही. पुढे रक्कम टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढली. २०२५ च्या मार्चमध्ये ती ६ वर आणण्याची घोषणा झाली आणि अगदी शेवटी मागे घेतली गेली. जगाचं लक्ष दुसऱ्या युद्धाकडे गेलं की पहिल्या युद्धातल्या माणसाच्या ताटातलं अंडं जातं, इतका सरळ संबंध आहे.

आता यादी. मदतकार्याबद्दल मला कोणी एकच गोष्ट विचारली तर मी यादीबद्दल बोलेन. कोणाचं नाव यादीत आहे, ते कोणी घातलं, आणि कुटुंब म्हणजे काय हे कोणी ठरवलं. सुरुवातीला बांगलादेशी लष्कराने प्रत्येक वस्तीला एक "माझी" नेमला. हा शब्द मराठी कानाला भलताच वाटतो. बांगलात माझी म्हणजे नावाडी, पण छावणीत तो आपल्याकडचा मुकादम. टोकन त्याच्या हातून जाणार. काही माझी खरोखर रात्रंदिवस राबले. काहींनी टोकनाला भाव लावला. सगळ्यात अवघड जागा होती ती विधवेची: ती दिराच्या कुटुंबात मोजायची की वेगळी? दिराच्या यादीत घातली की रेशन दिराच्या हातात. वेगळी केली की दीर म्हणतो, मग राहायचंही वेगळं. ताडपत्री चार बाय पाच मीटरची, एका कुटुंबाला ठरलेली. तुम्ही तिथे बसून फॉर्मवर एक खूण करता आणि एका घराची वाटणी होते.

२०१८ च्या जूनपासून बांगलादेश सरकार आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यांनी मिळून बोटांचे ठसे, डोळ्यांचे फोटो घेऊन स्मार्ट कार्डं द्यायला सुरुवात केली. कामाच्या दृष्टीने हे उत्तमच. एका नावाने दोनदा रेशन नाही, बाईच्या नावाचं कार्ड बाईच्या हातात. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात छावणीत संप झाला. दुकानं बंद, काम बंद. कार्डावर "रोहिंग्या" हा शब्द नव्हता हे त्यामागचं एक कारण. ज्या देशाने नागरिकत्व नाकारताना हाच शब्द नाकारला, तिथून पळून आल्यावर इथल्या कार्डावरही तो नाही. दुसरी भीती अशी, की ही माहिती म्यानमार सरकारकडे जाईल. २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने जाहीर केलं की परत पाठवणीच्या पडताळणीसाठी ती खरोखरच गेली होती, आणि अनेकांना ते धड समजावून सांगितलेलं नव्हतं. निर्वासित संस्थेने आपण संमती घेतली होती असं उत्तर दिलं. मला त्या वादात पंच व्हायचं नाही. पण रांगेत उभा असलेला भुकेला माणूस ज्या कागदावर अंगठा देतो, त्याला मी "संमती" म्हणताना आता अडखळते.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातली चूकही सांगते, म्हणजे फक्त दुसऱ्यांच्या चुका सांगितल्यासारखं होणार नाही.

मदतसंस्थांनी १९९७ पासून एकत्र येऊन काही किमान निकष ठरवले आहेत, त्यांना स्फिअर म्हणतात. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय, डोक्यावरच्या छताखाली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, शौचालय पाण्याच्या स्रोतापासून तीस मीटर दूर. पाठ असतात आम्हाला. कॉक्स बाजारला मोकळी जागा धरून माणशी ४५ चौरस मीटर हवी होती, मिळाली काही भागांत जेमतेम दहा. त्यात पहिल्या काही आठवड्यांत ज्याला जमेल त्याने हातपंप ठोकले, हजारोंनी, उथळ, शौचालयाच्या खड्ड्यापासून चार पावलांवर. प्रत्येकावर देणाऱ्याच्या सौजन्याची पाटी. पंप बंद पडला की पाटी तेवढी उरायची. पावसाळ्याआधी त्यातले किती बुजवायचे यावर आमच्या बैठका चालायच्या, आणि पाटीवाल्याला दुखवायचं नाही म्हणून निर्णय लांबायचे. कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या तोंडावाटे लसीकरणाचे नऊ लाख डोस हे त्याचं एक मोठं कारण. आमच्या हातपंपांना त्याचं श्रेय फारसं जात नाही. घटसर्प मात्र आला, ज्या रोगाचं नाव मी पुस्तकातच वाचलं होतं, आणि मुलं त्यात गेली.

आपल्या ग्रामपंचायतीत पाण्यात टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकून ओटी टेस्ट (क्लोरीन पुरेसं आहे का याची तपासणी) करतात, पिवळा रंग आला की झालं. तसाच प्रकार मी तिथे रोज करायचे. नळावर क्लोरीन बरोबर, घरातल्या कळशीत शून्य. कारण कळशीला झाकण नव्हतं आणि पाणी काढायला वेगळं भांडं नव्हतं. किट देताना बादली दिली होती, झाकण नाही. पैसे वाचवले होते.

हे झालं किरकोळ. माझी मोठी चूक न्हाणीघरांची. २०१८ च्या फेब्रुवारीत आम्ही बायकांसाठी बांबू आणि ताडपत्रीची न्हाणीघरं बांधली. दिवसा उजेडी बायका बाहेर पडत नाहीत, अंधार पडल्यावर येतात, म्हणून मी मोठ्या कौतुकाने प्रत्येकात सौर दिवा बसवला. तीन आठवड्यांनी पाहणीचा फॉर्म आला: "वापर: होय." महिनाभराने जाऊन पाहिलं तर आतली माती कोरडी ठणठणीत. पाहणी करणारा मुलगा होता आणि त्याने विचारलं होतं नवऱ्यांना. शिवाय तो बोलायचा प्रमाण बांगला. रोहिंग्या भाषा चितगाव भागातल्या बोलीच्या जवळची, ढाक्याच्या बांगलाशी तिचं पुरतं जमत नाही. जुलाबाला हे लोक "गा लामानी" म्हणतात, शब्दशः अंग खाली पडणं. फॉर्मवर तो आजार "अशक्तपणा" म्हणून जात असेल तर नवल नाही.

मग एका संध्याकाळी एका आजीने मला हाताला धरून नेलं. सुनेला आत पाठवलं, दिवा लावायला लावला, आणि मला बाहेर, वाटेवर उभं केलं. पिवळसर ताडपत्रीवर त्या सुनेची सावली पडली होती. वेणी सोडलेली, हात वर केलेला, सगळी. वाटेवरून येणारे-जाणारे पुरुष. आजी एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

दिवे काढून बाहेर खांबावर लावले, दारासमोर आडोशाची भिंत घातली, ताडपत्रीच्या आत दुसरा जाड थर लावला. मग बायकांनीच सांगितलं की आत एक दगड आणि वेगळी मोरी हवी, पाळीचे कपडे धुवायला, कारण ते बाहेर धुता येत नाहीत आणि ओलेच वापरले जातात. हे सगळं चौदा न्हाणीघरांचं काम होतं, खर्च फार नाही. पण त्या आजीला विचारायला मी महिनाभर उशीर केला, आणि त्या महिन्यात किती बायका पाणी कमी प्यायल्या असतील, जेणेकरून बाहेर जावं लागू नये, त्याची नोंद कुठल्याच फॉर्मवर नाही.

अजून एक गोष्ट, जिचा विचार वस्तू गोळा करताना कोणाच्याच मनात येत नाही: भात शिजवायचा कशावर? तांदूळ आला, सरपण नाही. सुरुवातीला दररोज शेकडो टन लाकूड जंगलातून यायचं. आणायला जायची मुलं आणि बायका. हा भाग हत्तींच्या जुन्या वाटेवर आहे, आणि छावणी नेमकी त्या वाटेवर बसली. पहिल्या काही महिन्यांत हत्तींच्या पायाखाली दहाहून जास्त माणसं गेली. पुढे रोहिंग्या तरुणांचीच पथकं तयार करून टेहळणी मनोरे उभे केले, तेव्हा ते थांबलं. डोंगर बोडके झाले, पावसाळ्यात दरडी आल्या. २०१८ पासून घरोघरी एलपीजी सिलिंडर आणि शेगडी द्यायला सुरुवात झाली, आणि माझ्या मते त्या छावणीतला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. एका वस्तूने जंगल वाचलं, बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला, जंगलात होणारे अत्याचार कमी झाले, गावकऱ्यांशी सरपणावरून होणारी भांडणं मिटली. हो, गावकरी. उखिया आणि टेकनाफच्या मूळ रहिवाशांनी पहिल्या रात्री आपल्या घरातला भात दिला होता. वर्षभरात त्यांची रोजंदारी पडली आणि सरपण महागलं, तेव्हा तेच चिडले. मदतीतला काही हिस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवावा लागतो, आणि तो उपकार म्हणून ठेवत नाहीत.

बांबू-ताडपत्रीच्या दाटीवाटीत आग मात्र टळली नाही. २२ मार्च २०२१ ला बालुखालीच्या छावणीत दहा हजारांच्या आसपास झोपड्या जळाल्या, दहाहून जास्त माणसं गेली, आणि पंचेचाळीस हजार लोक दुसऱ्यांदा बेघर झाले. छावणीभोवती सुरक्षेसाठी घातलेल्या काटेरी तारांनी पळायची वाट अडवली असं जीव वाचलेल्यांनी सांगितलं. मी तेव्हा परत आले होते. फोनवर एका जुन्या सहकाऱ्याने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल तर, "कार्डं जळाली."

इथून मणिपूरकडे येते, कारण धागा तोच आहे.

३ मे २०२३ ला तिथे मैतेई आणि कुकी-झो या दोन समाजांमध्ये हिंसाचार सुरू झाला आणि साठ हजारांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. मैतेई कुटुंबं मुख्यतः इंफाळ खोऱ्यातल्या छावण्यांत, कुकी-झो कुटुंबं चुराचांदपूर, कांगपोक्पीसारख्या डोंगरी जिल्ह्यांत, काही हजार मिझोराममध्ये. दोन वर्षं उलटल्यावरही हजारो माणसं छावण्यांतच होती. चुराचांदपूर ते इंफाळ अंतर साठेक किलोमीटर, पण दोन्ही समाजांच्या भागांमधली रेषा कुठल्याच बाजूच्या माणसाला ओलांडता येत नाही. म्हणून चुराचांदपूरचा मोठ्या आजाराचा रुग्ण तासाभराच्या इंफाळऐवजी ऐझॉलला जातो, डोंगरातून दिवसभराचा प्रवास करून. तुमचा ट्रक इंफाळला पोचला म्हणजे मणिपूरला पोचला असं होत नाही. एकाच बाजूला पोचला. ड्रायव्हर कोण, कुठल्या रस्त्याने, हेसुद्धा तिथे साधे प्रश्न नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये मदत आणि पुनर्वसनावर देखरेखीसाठी तीन निवृत्त महिला न्यायाधीशांची समिती नेमली: गीता मित्तल, आशा मेनन आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या शालिनी फणसळकर-जोशी. तपासावर लक्ष ठेवायला महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर. समितीच्या पहिल्याच अहवालांत कशाबद्दल होतं? हरवलेल्या कागदपत्रांबद्दल. आधार जळालेलं, रेशनकार्ड गेलेलं, दहावीची गुणपत्रिका राखेत. पुढच्या महिन्यात न्यायालयाने आधार प्राधिकरणाला पडताळणी करून कार्डं पुन्हा द्यायला सांगितलं. भारतीय विस्थापिताचं रोहिंग्यापेक्षा एक बरं आहे: त्याचं राज्य त्याला आपलं म्हणतं. बँकेत खातं असू शकतं, मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसू शकतात. पण त्यासाठी कागद लागतो, आणि कागदासाठी झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, जिल्ह्याच्या ठिकाणी तीन खेपा, बुडालेली रोजंदारी. या खेपांचे पैसे देणारी मदत मला नऊ पोत्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते, आणि तिचा फोटो चांगला येत नाही म्हणून ती कोणी देत नाही.

तेव्हा तुमचं सामान. जुने कपडे बोहारणीला द्या किंवा गावातच वाटा. चादरी नवीन असतील तर जवळच्या आश्रमशाळेत किंवा रुग्णालयात थंडीआधी खपतील. तांदूळ गावातच विका, मंडळाच्या कार्यक्रमात जाहीरपणे लिलाव करा हवं तर, भाव चांगला येईल आणि लोकांना का विकतोय तेही सांगता येईल. आलेले पैसे पाठवा. दोन वाटे करून, एक खोऱ्यात काम करणाऱ्या संस्थेला, एक डोंगरात काम करणाऱ्या. दोन्हीकडे पोचणारी एकच संस्था मिळाली तर फारच उत्तम.

संस्था निवडताना खर्चाची टक्केवारी विचारू नका, ती कशीही मांडता येते. तिथल्या माणसाला तक्रार करायची असेल तर तो कोणाकडे करतो, आणि मागच्या वर्षी आलेल्या तक्रारीवर काय केलंत, हे विचारा. ज्यांच्याकडे एकही तक्रार आलेली नाही त्यांच्यापासून जपून. यादी कोण करतं ते विचारा. आणि त्यांच्या पानावरचे फोटो बघा. रांगेतल्या बायकांचे, मुलांचे चेहरे सरळ दिसत असतील, नावं दिली असतील, तर ती संस्था कितीही मोठी असो, तिला समजलेलं नाही की ही माणसं पुरातून नव्हे, माणसांपासून पळून आली आहेत. तुमच्या मंडळालाही हेच लागू: धनादेश देतानाचा तुमचा फोटो टाका, घेणाऱ्याचा नको.

पैसे पाठवण्याआधी एकदा छावणीत प्रत्यक्ष राहणाऱ्या एखाद्या बाईशी फोनवर बोलायला मिळतं का बघा, संस्थेला सांगा, जोडून देतील. दुभाष्या लागेल, शक्यतो बाईच. "तांदूळ पाठवू का?" असं विचारू नका. समोरचा माणूस नको म्हणत नाही. त्याऐवजी विचारा, गेल्या आठवड्यात स्वतःच्या पैशाने बाजारातून काय विकत आणलंत, आणि त्यासाठी काय विकलंत.